खासबाग मैदान: खुर्ची घेऊ नका

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती बघायला जाणार असाल तर आधी एक सांगतो. हौद्याजवळची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याजवळची खुर्ची घेऊ नका. पास फुकट मिळाला, कुणी हाताला धरून पुढं नेलं, तरी नको. खुर्चीतल्या माणसाला पैलवानाच्या पोटऱ्या दिसतात, पंचाची पाठ दिसते आणि कुस्ती रंगात आली की पुढच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पुढाऱ्याचा फेटा दिसतो. वर जा. उताराच्या मध्यावर किंवा त्याच्याही वर, बुडाखाली पोतं टाकून बसा. तिथनं पैलवानाचा पाय मातीत कुठं रुतलाय आणि कुठं सुटलाय, ते दिसतं.

नेटवर या मैदानाबद्दल लोक लिहितात, 'ऐतिहासिक वास्तू, जागा प्रशस्त, पार्किंगची अडचण.' पार्किंगची अडचण आहे, खरं आहे. पण हे वाचून कुणाला वाटेल की हा एखादा किल्ला आहे, चक्कर मारायची, फोटो काढायचा आणि भेळ खाऊन परत यायचं. रिकामी खासबाग बघून काही कळत नाही. मोकळा उतार, मधे लाल माती, भोवती दगडी भिंत, एवढंच दिसेल. मैदान असेल त्या दिवशीच जा. इथं 'मैदान' म्हणजे जागा नव्हे, त्या दिवसाच्या कुस्त्या. आमच्याकडं निपाणी-चिकोडी भागात हे सांगावं लागत नाही, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलं.

जागेची रचना समजून घ्या. परात ठेवल्यासारखं आहे सगळं. मधोमध तळाला लाल मातीचा हौदा आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेला उतार. वर छप्पर नाही, म्हणून खांब नाहीत. खांब नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेआड काही नाही. हजारो माणसं बसली तरी शेवटच्या माणसाच्या डोळ्यात आणि हौद्यात आडवं काही येत नाही, कारण प्रत्येकाच्या पुढचा माणूस त्याच्या गुडघ्याखाली बसलेला असतो. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि असं काही आपल्या पैलवानांसाठी करायचं, हे त्यांच्या डोक्यात बसलं. १९०७ ला काम सुरू झालं, १९१२ ला मैदान तयार झालं. रोममध्ये कोण कुठं बसणार ते दर्जावर ठरायचं. सरदार-दरकदार खाली आखाड्याजवळ, गरीब आणि बायका पार वरच्या मजल्यावर. महाराजांनी आकार तिथला उचलला, पण इथं उलटंच झालं. खाली बसलेला मानकरी माना वेळावत राहतो आणि राधानगरीहून चालत आलेला गडी वर बसून अख्खी कुस्ती बघतो.

आणखी एक. महाराज त्या दौऱ्यावर असतानाच, २६ जुलै १९०२ ला, संस्थानातल्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. इतिहासाचे प्राध्यापक या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत शिकवतात. मला त्या एकाच डोक्यातनं निघालेल्या वाटतात. शेवटच्या माणसालाही दिसलं पाहिजे, असं ज्याला मैदान बांधताना सुचतं, त्याला कचेरीतही ते सुचणारच.

माझं आणि या मैदानाचं जमलं ते विद्यापीठामुळं. १९८४ साली एम. कॉम. करायला शिवाजी विद्यापीठात गेलो. तेव्हा आमच्या भागातली मराठी शाळेत शिकलेली पोरं पदवीनंतर एक तर धारवाडला जात, नाही तर कोल्हापूरला. धारवाडचं पेढ्याशिवाय मला आकर्षण नव्हतं. कोल्हापूर जवळ, भाषा आपली, आणि घरातनं भाकरी-पिठल्याचं गाठोडं एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवता यायचं. होस्टेल टेकाडावर. रूममेट एकसंब्याचा. त्याला सगळे 'एकसंबेकर'च म्हणायचे, त्याचं खरं नाव मास्तरांनाही हजेरी घेतानाच आठवायचं. पहिल्याच रात्री त्यानं मला विचारलं होतं, "श्रीपती खंचनाळे कुठले, माहीत हाय काय?"

माहीत होतं. आमच्या भागात कुणाला माहीत नसतं? चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा पोरगा कोल्हापुरात येऊन पैलवान झाला आणि १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला हरवून हिंदकेसरी झाला. पण एकसंबेकर ते असं सांगायचा की जणू आदल्या रविवारी हा स्वतः दिल्लीत हौद्याच्या कडेला टॉवेल धरून उभा होता. खंचनाळे तेव्हा कोल्हापुरातच असायचे. २०२० च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा एकसंबेकराचा फोन आला. बराच वेळ बोलला आणि त्यात कुस्तीचा एक शब्द नव्हता. उसाच्या बिलाबद्दलच बोलत बसला.

तर मैदान असलं की आम्ही सायकली काढायचो. सायबर चौक, राजारामपुरी, बागल चौक, उमा टॉकीज, मिरजकर तिकटी. जाताना उतारच उतार, पायडल मारायला नको. येताना मध्यरात्री तोच चढ, सायकल हातात धरून, आणि वाटभर वाद. कोल्हापूरची पोरं १९७६ ची कुस्ती काढायची. याच खासबागेत युवराज पाटलांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं ती. मग एकसंबेकर थांबायचा, सायकल स्टँडवर लावायचा आणि म्हणायचा, "आणि सत्त्याहत्तरला? बिराजदारांनी सतपालला कुठं पाडलं? बेळगावात. आमच्यात." म्हणजे बेळगावात झालेल्या कुस्तीवरही हक्क एकसंब्याचा. बिराजदार लातूरकडचे, सतपाल दिल्लीचे, पण माती आमची ना? हा मुद्दा कुणाला खोडता यायचा नाही. खोडायचं म्हटलं तर तो पुन्हा १९५९ वर यायचा.

आता माती. पुष्कळ जण माती म्हणजे माती समजतात. हौद्यातली लाल माती चाळून घेतलेली असते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरवलेला असतो. ती कोरडी पडू देत नाहीत, ओलीही होऊ देत नाहीत. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचला तर सुटावा, असं आमच्या गावचे वस्ताद सांगायचे. कुस्ती सुरू होण्याआधी दोन्ही पैलवान वाकून चिमूटभर माती कपाळाला लावतात आणि मग मूठभर समोरच्याच्या अंगावर टाकतात. टीव्हीवर हे बघणाऱ्याला तो विधी वाटतो. कामाची गोष्ट अशी की घामेजलेलं अंग हातात राहत नाही. माती लागली की पकड बसते. आपल्याच फायद्यासाठी दुसऱ्याला माखायचं, आणि दुसऱ्यानं आपल्याला. खासबागेत वरनं बघताना कुणाची पाठ कुठं माखली नाही तेही कळतं, आणि जाणकार बसलेले असतील तर "डाव्या खांद्याला लावली न्हाई बघ त्येनं" असा शेरा लगेच ऐकू येतो.

मैदान दुपारी सुरू होतं. संध्याकाळी थेट मोठ्या कुस्त्यांनाच जाऊ म्हणणाऱ्यांनी पैसे अर्धे वाया घालवले. आधी बारक्या पोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या असतात. सात-आठ वर्षांची पोरं, लंगोट सुटायला आलेले, कान अजून न मोडलेले. पाडलेला रडत असतो आणि पाडणाराही रडत असतो, कारण त्याला रेवड्या कमी मिळाल्या. मोठा पैलवान शिकलेलं लपवतो, पोरं शिकलेलं दाखवतात. एखादा डाव मुळातनं कसा असतो ते बघायचं असेल तर या कुस्त्या बघा. पट कसा काढायचा, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला कसं पाडायचं, हे वस्तादानं सकाळी सांगितलेलं असतं आणि पोरगं दुपारी डोळे मिटून तेच करतं. समोरचा बाजूला झालेला असला तरी.

मग इनाम वाढत जातं. हलगी, घुमकं, कैताळ ही वाद्यं जोर धरतात. मधल्या गटाच्या कुस्त्या आटोपशीर असतात, त्यांच्यावर फार लिहीत नाही. जिंकलेला पैलवान हौद्याभोवती फेरी मारतो, लोक उतारावरनं नोटा पुढं सरकवत राहतात. एकाच्या हातातनं दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातातनं तिसऱ्याच्या. माझ्या हातातनंही गेल्या आहेत, वरनं आलेल्या, कुणी दिल्या ते न कळता. एवढी गर्दी, एवढे अनोळखी हात, आणि नोट पोहोचते.

एक कुस्ती सांगतो. नावं सांगत नाही, दोघंही मोठ्या नावाचे नव्हते. एक उंच, लांब हाताचा, दुसरा आमच्या भागातला, बुटका, मांड्या खांबासारख्या नाही, उलट बारीकच, पण मान अशी की डोकं थेट खांद्यावर ठेवलंय. खडाखडी लांबली. कपाळाला कपाळ लावून दोघं हात झटकत फिरतायत. अशा वेळी खुर्चीतली माणसं मोबाईल काढतात. वरची माणसं मात्र पाय बघत असतात. उंच गडी प्रत्येक वेळी उजवा पाय मागं घेताना टाच उचलत होता. माझ्या शेजारचा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पुटपुटला, "आता आत जाईल." आणि बुटका पटात शिरला. उंचानं पाय मागं फेकले, वरनं वजन टाकलं, पण तोवर बुटक्यानं कमरेला वळसा घालून ताबा घेतला होता. उंच गडी मातीत पालथा, छाती चिकटवून, हातपाय पसरून. उठवायला वाव नाही.

मग घिस्सा. बुटक्यानं मागनं लांगेत, म्हणजे लंगोटाच्या पट्टीत, हात घातला, दुसरा हात मानेखालनं, आणि ओढायला लागला. एक कड उचलली. पुन्हा पडली. पुन्हा उचलली. पंच पोटावर आडवा झाला, गाल मातीला टेकवला, कारण दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती गेली, आणि आता सगळा निकाल एका फटीवर आला होता. एक खांदा टेकलेला, दुसरा आणि माती यांच्यात बोटभर उजेड. वर आम्हाला ती फट दिसत होती. पंचाला दिसत होती. खुर्चीवाले उठून उभे होते आणि एकमेकांना "काय झालं, काय झालं" विचारत होते. फट मिटली. पंचाचा हात वर जायच्या आधी अख्खा उतार उठला.

हरलेला उठला तेव्हा लोक ओरडले, "पाठ! पाठ!" त्यानं पाठ फिरवली नाही, तोंड आमच्याकडंच ठेवून तो मागं मागं चालत बाहेर गेला. पण पलीकडच्या उतारावरच्या लोकांना दिसलीच. खांद्यांच्या दोन्ही पंख्यांवर लाल माती. गोलाकार मैदानात पाठ कुठं लपवणार?

गर्दीबद्दल सांगायला हवं, कारण मला खासबाग आवडते त्यातला निम्मा भाग गर्दीचा आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा असणारच. पण चिकोडी, अथणी, रायबाग, जमखंडी, मुधोळकडनंही गाड्या भरून येतात. आमच्यामागं एकदा अथणीकडची मंडळी होती. कुस्ती लागली की "हिडी! हिडी! बिडब्याड!" आणि आमच्याकडनं "धर! सोडू नको!" दोन्ही आरोळ्या एकाच पैलवानासाठी. तो पंजाबचा होता, त्याला दोन्ही कळत नव्हत्या. मधे चिवड्याची पुडी मागनं पुढं आली, आमच्या शेंगा मागं गेल्या. आमच्या भागात सीमेवरनं काय काय होतं ते मी इथं सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगतो की डावाला कन्नडमध्येही आणि मराठीतही एकाच जागी दाद येते, एक क्षणही मागंपुढं नाही.

आता तक्रार. ही खासबागेबद्दल नाही, मैदानं भरवणाऱ्या काही जणांबद्दल आहे, आणि गावोगावची जत्रेची मैदानं त्यात जास्त. सत्कार! नारळ, शाल, फेटा, हार. मग सत्कार करणाऱ्याचा सत्कार. एका मैदानात (कुठलं ते राहू दे, आपल्यालाच पुन्हा जायचं असतं) नंबर एकचे दोन्ही पैलवान अंगाला तेल लावून, गरम होऊन, जोर मारून उभे आणि लाऊडस्पीकरवर एकामागून एक नावं. गावातले, तालुक्यातले, येऊ न शकलेले पण शुभेच्छा पाठवलेले. तासभर. पैलवान थंड पडले. एकानं स्वेटर घातला. मग वेळ कमी उरला म्हणून कुस्ती गुणांवर, आणि शेवटी बरोबरीत सोडवली. लोक चपला शोधत उठले. निवेदक मात्र चांगला होता हे मान्य. कुस्तीचा चांगला निवेदक अर्धं मैदान पेलतो. डावाचं नाव, पैलवानाचा वस्ताद, वस्तादाचा वस्ताद, सगळं तोंडपाठ. पण त्यालाच सत्काराची यादी वाचायला लावली की तोही बापडा काय करणार.

गेल्या खेपेला बहिणीच्या नातीला घेऊन गेलो. आठवीत आहे, निपाणीला मॅटवर कुस्ती शिकते. मी तिला म्हटलं, चल, तुला खरी कुस्ती दाखवतो. हे म्हणायला नको होतं, कारण ती लगेच म्हणाली, "म्हणजे मी खोटी खेळते काय, आजोबा?"

वर जाऊन बसलो. तिचा पहिला प्रश्न, "घड्याळ कुठाय?" मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मधे अर्ध्या मिनिटाची विश्रांती. नऊ मीटरचं वर्तुळ, बाहेर पाय गेला की समोरच्याला गुण, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. इथं घड्याळ नाही, फलक नाही, आणि पाठ लागल्याशिवाय निकाल नाही. ती बराच वेळ ओठातल्या ओठात मोजत होती. "दोन... आता चार व्हायला पाहिजे होते... यांना कुणी देतच नाही." खडाखडी लांबली तेव्हा म्हणाली, "आमच्याकडं याला कधीच ताकीद मिळाली असती." खरं आहे. मी गप्प बसलो. मातीवरच्या कुस्तीत पैलवान वेळ काढतात, दमवतात, आणि त्यात कंटाळाही येतो. मातीप्रेमी माणसं हे कबूल करत नाहीत, मी करतो.

मॅटचं काय सांगायचं? १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, ते मॅटवरच. गोळेश्वरचा मातीतला पैलवान, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्या आधी १९४८ ला लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅट आणि तिथले नियम दोन्ही नवे होते, तरी सहावे आले. आणि हेलसिंकीला पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले, ही गोष्ट आमच्या पिढीतल्या प्रत्येक कॉलेजच्या पोरानं ऐकलेली. विद्यापीठाच्या स्पर्धा आमच्या वेळीही मॅटवरच व्हायच्या. आमच्यातली तालमीतली पोरं मॅटवर पहिल्यांदा उतरली की पाय कुठं रोवायचा ते त्यांना कळायचं नाही. माती पायाला धरते, मॅट ढकलतं. एवढी वर्षं झाली, अजून आमच्या भागात माती की मॅट हा वाद लोक चवीनं घालतात. नात म्हणते, दोन्ही. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

तिचा दुसरा प्रश्न जास्त अवघड. "बायका कुठं बसतात?" मी भोवती बघितलं. आमच्या उतारावर ती एकटीच. पलीकडं एका पैलवानाच्या घरची वाटावी अशी दोन-तीन माणसं पदर सावरून बसलेली. कुणी तिला काही म्हटलं नाही, उलट टॉवेलवाल्यानं सरकून जागा दिली, "बस बाळ, पुढं बस." पण प्रश्न राहतोच. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. म्हणजे बापयांच्या महाराष्ट्र केसरीनंतर साठेक वर्षांनी. माझ्या नातीला तो सामना फोनवर पाठ आहे. पोरी हौद्यात उतरल्या, आता उतारावरही याव्यात. लेकीला-सुनेला घेऊन जा. जागेची अडचण नाही, बघायलाही काही अडत नाही. फक्त घरनं निघण्याआधीच सगळं उरकून निघावं हे बरं, हे कुठल्याही उघड्या मैदानाला लागू.

खाणं. मैदानाला लागूनच खाऊगल्ली आहे, त्यामुळं उपाशी राहायचा प्रश्न नाही. राजाभाऊंची भेळ खासबागेतलीच, ती खा, पण मधल्या वेळेत. कुस्त्या सुटल्यावर रांग लागते. भेळ घेऊन आत उतारावर बसू नका. हलगी वाढली की माणूस उठतो आणि पुरी, चिंच, कांदा खालच्याच्या मानेत जातो. आम्ही विद्यार्थी असताना भेळ परवडली तर भेळ, नाही तर गंगावेशीला दूध कट्ट्यावर. म्हैस समोर पिळायची, फेसासकट पेला हातात. तालमीतली पोरं तिथं रांगेत असायची आणि आम्ही एम. कॉम.वाले त्यांच्यात उभं राहून आपणही पैलवान असल्यासारखे ओठ पुसायचो. एकसंबेकर दोन पेले प्यायचा आणि म्हणायचा, "आमच्या गावाकडच्या दुधाची सर न्हाई." हे तो दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी दुसरा पेला मागायचा.

मैदानाला लागून केशवराव भोसले नाट्यगृह आहे. महाराजांनीच बांधलेलं, १९१५ चं, मूळ नाव पॅलेस थिएटर. एका भिंतीच्या अलीकडं कुस्ती आणि पलीकडं संगीत नाटक. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मैदानाकडचं व्यासपीठही त्यात होरपळलं. मी व्हिडिओ बघितला आणि फोन बाजूला ठेवून दिला. पुन्हा बांधण्याचं ठरलं आणि काम हाती घेतलं गेलं. त्यामुळं जायच्या आधी मैदान आहे का, कुठल्या दारानं सोडतायत, हे कोल्हापुरातल्या कुणाला तरी विचारून घ्या. पोस्टरवर विसंबू नका. पोस्टरवर पैलवानांचे फोटो बारके आणि भावी नगरसेवकांचे मोठे असतात, ठिकाण आणि वेळ खाली कोपऱ्यात असते.

गुण द्यायचे तर पाचापैकी साडेचार. अर्धा कापला तो उन्हासाठी. छप्पर नाही म्हणून नजर मोकळी, हे मी वर कौतुकानं लिहिलं, पण एप्रिलमधल्या दुपारी तेच छप्पर आठवतं. पश्चिमेकडं पाठ करून बसा म्हणजे निदान तोंडावर ऊन येत नाही. टोपी किंवा टॉवेल, पाण्याची बाटली, पोतं किंवा जाड सतरंजी. पांढरे कपडे घालू नका, हवेत तांबडी माती असते. सत्कारांचे गुण मैदानाच्या खात्यातनं कापू नका, ते संयोजकांचे.

आमच्या भागातनं जाणाऱ्यांसाठी शेवटचं. निपाणीहून कोगनोळी, कागल करत तासा-सव्वा तासात पोहोचता. बेळगावहून संकेश्वरमार्गे अडीच-तीन तास धरा. सीमेवर काही पेटलं की दोन्हीकडच्या एसट्या हद्दीपाशीच थांबतात, त्या दिवसांत स्वतःची गाडी काढा किंवा बेत पुढं ढकला. आणि परतीची एसटी धरायच्या भरवशावर राहू नका. गावातल्या चार जणांत मिळून जीप ठरवा आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की वेळ सांगता येणार नाही. नंबर एकची कुस्ती दोन मिनिटांत सुटते, नाही तर अकरा वाजले तरी दोघं कपाळाला कपाळ लावून फिरत असतात. कुस्तीची आवड असलेला ड्रायव्हर मात्र घेऊ नका. आम्ही एकदा घेतला होता. मैदान सुटल्यावर सगळे गाडीपाशी येऊन थांबलो आणि तो आत, जिंकलेल्या पैलवानाबरोबर फोटो काढायच्या रांगेत.